न छापलेला घटक



डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांतून लेज या प्रसिद्ध ब्रँडच्या बटाटा वेफर्सची 6,344 पाकिटे परत मागवण्यात आली. वेफर्स खवट झाले नव्हते. त्यांत काचेचा तुकडा, कीड किंवा रोगजंतू असे काहीही सापडले नव्हते. बटाटा, तेल, मीठ असा साधा मामला होता. फक्त त्या पाकिटांत दूध गेले असण्याची शक्यता होती आणि पाकिटावर दुधाचा उल्लेख नव्हता. 3 नोव्हेंबरपासून ती दुकानांच्या फळ्यांवर होती. एका ग्राहकाने कंपनीला कळवले, तेव्हा चूक उघड झाली. पुढे जानेवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकाराला पहिल्या वर्गात टाकले. ज्या चुकीमुळे गंभीर इजा किंवा मृत्यू ओढवण्याची रास्त शक्यता असते, तिच्यासाठीच हा वर्ग राखून ठेवलेला आहे.

बातमी वाचणाऱ्या पुष्कळांना हे अति वाटले असेल. वेफर्समध्ये चिमूटभर दुधाची पावडर गेली, तर एवढा गहजब कशासाठी? या शंकेचे उत्तर द्यायचे, तर आधी एक घोळ निस्तरायला हवा. ‘मला दूध पचत नाही’ असे म्हणणारी माणसे घरोघरी आहेत. दुधातली साखर पचवणारे विकर कमी पडते, पोट फुगते, जुलाब होतात. त्याचा त्रास होतो, पण जीव जात नाही. अ‍ॅलर्जी ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे शरीराची संरक्षक यंत्रणा दुधातल्या, शेंगदाण्यातल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि काही मिनिटांत सर्व शक्तीनिशी त्याच्यावर तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो. वैद्यकात याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी 1902 मध्ये त्याचे वर्णन केले. समुद्री जीवांचे विष आधी एकदा टोचलेल्या कुत्र्यांना काही आठवड्यांनी त्याच विषाची अगदी थोडी मात्रा दिली, तर ती सरावण्याऐवजी मरून पडतात, असे त्यांना दिसले. या कामासाठी रिशेंना 1913 चे नोबेल मिळाले.

मात्रा किती, हेही समजून घ्यावे. एका शेंगदाण्यात साधारण दीडशे ते अडीचशे मिलिग्रॅम प्रथिन असते. फार संवेदनशील रुग्णाला त्यातले एक-दोन मिलिग्रॅम, म्हणजे दाण्याचा शंभरावा हिस्सा पुरतो. एवढ्याशा कणाला डोळ्यांना दिसेल असे रूप नसते, जिभेला कळेल अशी चवही नसते. म्हणून अशा माणसाच्या हातात पाकीट येते, तेव्हा त्याला एकाच गोष्टीचा आधार असतो: मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली घटकांची यादी. वास, रंग, दुकानदाराची ओळख, ब्रँडचा लौकिक यांतले काहीही तिथे कामाला येत नाही.

स्मृतिव्याख्यानात दिवंगतांचे स्मरण करायचे असते. त्या यादीवर विश्वास ठेवून खाल्ले आणि गेले, अशा काही माणसांचे आज स्मरण करायचे आहे.

न्यूयॉर्कमध्ये नृत्यकलाकार म्हणून काम करणारी 25 वर्षांची एक ब्रिटिश तरुणी 11 जानेवारी 2024 रोजी गेली. तिला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी होती आणि ती फार काळजीने खात असे. तिने खाल्लेले फ्लोरेंटाइन बिस्किट कनेक्टिकट राज्यातल्या स्ट्यू लिओनार्ड्स या दुकानसाखळीचे लेबल लावून विकले जात होते. लेबलावर शेंगदाण्याचे नाव नव्हते. अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन देण्यात आले, पण उपयोग झाला नाही.

मग मागचा धागा उलगडू लागला. बिस्किटे दुकानाने भाजलेली नव्हती. न्यूयॉर्क राज्यातली एक कंपनी ती बनवून घाऊक माल पाठवत असे आणि दुकान तो लहान डब्यांत भरून स्वतःचे लेबल लावत असे. आधी या बिस्किटांत भाजलेले सोयादाणे पडत, नंतर त्यांच्या जागी शेंगदाणे आले. हा बदल जुलै 2023 मध्येच ई-मेलने दुकानाच्या बऱ्याच कर्मचाऱ्यांना कळवला होता आणि आमच्या खोक्यांवर शेंगदाणा छापलेला होता, असे बनवणाऱ्या कंपनीने सांगितले. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यापर्यंत ही सूचना कधी पोहोचलीच नाही, असे दुकानाने सांगितले. कोण किती दोषी, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण दोन्ही बाजूंची विधाने शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट स्वच्छ दिसते. घटक बदलला त्या दिवसापासून लेबल बदलेपर्यंत मधे कोणीतरी एकाने थांबून ‘जुनी लेबले फाडा’ असे म्हणायला हवे होते. ते कोणीच म्हटले नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबर 2023 असे दोन महिने ते डबे विकले गेले. माल परत मागवल्याची घोषणा 23 जानेवारीला झाली. तोवर बारा दिवस होऊन गेले होते.

या प्रकरणात विष कालवणारा, भेसळ करणारा किंवा पैसे वाचवायला निकृष्ट माल घालणारा कोणीही दिसत नाही. शेंगदाणा चांगला होता, बिस्किट चांगले होते, फक्त कागद जुना होता. अशा प्रकरणांचा ढीग चाळला, तर बहुतेक ठिकाणी हेच आढळते. अमेरिकी प्रशासनातल्या तज्ज्ञांनी अशा घटनांचे विश्लेषण करून 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत बेकरीचे पदार्थ सर्वांत पुढे होते आणि न सांगितलेल्या घटकांत सर्वाधिक वेळा दूध सापडले होते. कारणेही साधीच निघतात. एका चवीचा माल दुसऱ्या चवीच्या पाकिटात भरला जातो, जुन्या लेबलांचा रोल यंत्रावर तसाच राहतो, पुरवठादार बदलतो आणि कच्च्या मालातला एखादा पोटघटक यादीत चढवायचा राहून जातो. किंवा त्याच यंत्रावर आधी काढलेल्या मालाचे अवशेष पुढच्या मालात उतरतात. चॉकलेटच्या यंत्रांत पाणी गेलेले चालत नाही. ती धुता येत नाहीत, आधीच्या मालाचा उरलेला अंश पुढच्या चॉकलेटनेच ढकलून बाहेर काढावा लागतो. मार्च 2025 मध्ये टोस्टिटोस नावाच्या मक्याच्या चिप्सची तेराशेपेक्षा थोडी कमी पाकिटे 13 राज्यांतून परत मागवावी लागली. साध्या चिप्सच्या पाकिटांत चीज लावलेल्या चिप्स जाऊन पडल्या असाव्यात, एवढेच कारण होते.

कधी कधी चूक कारखान्याच्या दाराबाहेरच झालेली असते. ऑक्टोबर 2015 मध्ये जनरल मिल्स या कंपनीने चिरिओजची 18 लाख खोकी परत मागवली. ही ओटची न्याहारी ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकली जात होती. कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावच्या कारखान्यात ओटचे पीठ नेहमी रेल्वेच्या वाघिणीतून थेट येत असे. काही दिवस कारखान्याकडे जाणारा रेल्वेमार्ग बंद होता. म्हणून पीठ वाघिणीतून ट्रकमध्ये उतरवून आणले गेले आणि या अदलाबदलीत गव्हाचे पीठ ओटच्या यंत्रणेत शिरले.  कंपनीच्या अधिकाऱ्याने जाहीर पत्र लिहून काय झाले ते तपशीलवार सांगितले आणि माफी मागितली. ते पत्र अन्न उद्योगात शिकणाऱ्या मुलांना वाचायला द्यावे असे आहे, कारण त्यात ‘तांत्रिक कारणामुळे’ असला आडपडदा नाही.

भारतीय स्वयंपाकघराशी थेट संबंध असलेले प्रकरण जिऱ्याचे. 2014 च्या डिसेंबरपासून अमेरिकेत जिरेपूड असलेला माल मोठ्या प्रमाणावर परत मागवला जाऊ लागला. जिरेपुडीत शेंगदाण्याचे प्रथिन सापडले होते. जिरे कोणी एकटे खात नाही, ते मसाल्यात जाते, मसाला सुपात आणि तयार मांसाच्या पदार्थांत जातो. एका पुडीतला दोष काही आठवड्यांत शेकडो पदार्थांत पसरला. शेवटी शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी जिरेपूड घातलेले पदार्थ टाळावेत, असा सल्ला प्रशासनाला द्यावा लागला. त्या वर्षी गुजरातेत जिऱ्याचे पीक कमी आले होते आणि भाव चढले होते. त्यामुळे शेंगांच्या स्वस्त टरफलांची पूड मुद्दाम मिसळली गेली असावी, असा संशय व्यक्त झाला. पण तो सिद्ध झाला नाही, म्हणून त्याला संशय म्हणूनच सोडून द्यायला हवे.

याच सुमाराला ब्रिटनमध्ये जिरेपुडीत बदाम सापडल्याचा निष्कर्ष आला आणि तिथेही माल परत मागवला गेला. कंपनीला हा निष्कर्ष मान्य नव्हता. नमुना सरकारी रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत गेला. अ‍ॅलर्जनची, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या घटकाची नेहमीची चाचणी प्रतिपिंडांवर चालते. प्रतिपिंड प्रथिनाचा आकार ओळखतो आणि जवळच्या नात्यातल्या झाडांची प्रथिने दिसायला सारखीच असतात. प्रयोगशाळेने डीएनए आणि वस्तुमान वर्णपटाच्या पद्धती लावून पाहिले, तेव्हा त्या जिरेपुडीत बदाम नव्हताच असे निघाले. त्यात महलब होता. महलब म्हणजे चेरीच्या एका रानटी जातीच्या बीचा गर. मध्यपूर्वेत तो पावाला सुगंध यावा म्हणून घालतात. आपल्याकडे उटण्यात पडणारा गव्हला याच झाडाचे बी म्हणून ओळखला जातो. बदाम आणि महलब एकाच कुळातले असल्याने चाचणी फसली होती. जून 2015 मध्ये त्या जिऱ्यावरचा ठपका मागे घेण्यात आला. त्याच तपासात पाहिलेल्या पॅप्रिकाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या पुडीच्या नमुन्यात मात्र खरोखरच बदाम निघाला.

या प्रकरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, जिऱ्यात महलब तरी कसा आला, हा प्रश्न उरतोच. मसाल्याच्या व्यापारात गोणी किती हातांतून आणि किती चक्क्यांतून जाते, याचा हिशोब फार थोड्यांकडे असतो. दुसरी अधिक महत्त्वाची. ब्रिटनच्या यंत्रणेने आधी माल काढून घेतला, मग शंका तपासली आणि निष्कर्ष चुकला असे दिसताच तसे जाहीर केले. कंपनीचे नुकसान झाले हे खरे, पण ज्यांच्या मुलांना बदाम चालत नाही, त्यांच्या बाजूने विचार केला तर क्रम योग्यच होता.

भारतातल्या मसाल्याचा संबंध पुन्हा सप्टेंबर 2024 मध्ये आला. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मोहरी असलेले पदार्थ तात्पुरते टाळायला सांगितले. सॉस, सॅलड आणि सँडविचमध्ये गेलेल्या मोहरीत शेंगदाणा आढळला होता आणि ती मोहरी भारतातून गेलेली होती. भुईमूग आणि मोहरी ही दोन्ही आपली तेलबियांची पिके. शेतापासून गोदामापर्यंत एकच गोणपाट, एकच चाळणी आणि एकच ट्रक दोन्हींना वापरला, तर लातूरच्या किंवा राजकोटच्या व्यापाऱ्याला त्यात काही वावगे दिसणार नाही. लंडनमधल्या एखाद्या घरात मात्र त्याच गोष्टीमुळे रुग्णवाहिका बोलवावी लागेल.

आता मेलबर्न. 2013 च्या डिसेंबरमध्ये तिथे दहा वर्षांचा एक मुलगा नारळाचे डबाबंद पेय प्यायला आणि अ‍ॅनाफिलॅक्सिसने गेला. त्याला दुधाची अ‍ॅलर्जी होती. डब्यावर ‘नैसर्गिक नारळ पेय’ असे छापले होते. तैवानमध्ये तयार झालेल्या त्या पेयात दूध होते, पण घटकांच्या यादीत ते नव्हते. आयात करणाऱ्या कंपनीने लेबलविषयीचे आरोप मान्य केले आणि तिला 18,000 ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. एका मुलाच्या जिवापुढे हा आकडा पाहवत नाही. पण या मृत्यूतून निघालेला दुसरा परिणाम मोलाचा आहे. मूल दगावल्यावरही ते डबे लगेच दुकानांतून हटले नव्हते. रुग्णालयाला रुग्ण माहीत असतो आणि अन्न खात्याला डबा माहीत असतो, पण दोघांना जोडणारी वाट कायद्यात नव्हती. मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नेमके यावर बोट ठेवले. त्यानंतर 1 नोव्हेंबर 2018 पासून व्हिक्टोरिया राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाला अ‍ॅनाफिलॅक्सिसचा रुग्ण आल्यास आरोग्य खात्याला कळवणे बंधनकारक झाले. कारण पाकीटबंद अन्न असल्याचा संशय असेल, तर 24 तासांच्या आत कळवायचे. दुकानात त्याच लॉटचे आणखी डबे असतात आणि ते दुसऱ्या कोणा मुलाच्या दप्तरात जाण्याआधी काढून घ्यायचे असतात, एवढा साधा विचार या नियमामागे आहे.

ब्रिटनमध्ये 2017 च्या डिसेंबरमध्ये गेलेल्या 42 वर्षांच्या एका महिलेची कथाही दुधाचीच आहे. पाच मुलांची ही आई. तिने दुकानातून भाज्या घातलेली पोळीची गुंडाळी घेतली. त्यात नारळाचे दही होते आणि ते दुग्धमुक्त म्हणून आलेले होते. चौकशीत निघाले ते असे: दही घट्ट व्हावे म्हणून त्यात स्टार्च घातला होता आणि तो स्टार्च जिथे तयार झाला, तिथेच त्यात दुधाचे प्रथिन मिसळले होते. गुंडाळी करणाऱ्याला दही माहीत होते, दही करणाऱ्याला स्टार्च माहीत होता, स्टार्चमध्ये काय आले ते कोणी तपासले नव्हते. ‘व्हीगन’ म्हणजे दूध नाही, असे सामान्य माणूस धरून चालतो. लेबल लिहिणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘आम्ही मुद्दाम दूध घातलेले नाही’ एवढाच असू शकतो. आपल्या पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्याचेही तसेच आहे. तो शाकाहाराची खात्री देतो. दूध, गहू, शेंगदाणा, काजू हे सगळे त्या ठिपक्याखाली सुखाने नांदतात. तरी ‘हिरवे आहे, खा’ असे सांगणारी माणसे लग्नाच्या मांडवात आणि रेल्वेच्या डब्यात भेटतच असतात.

आणि तीळ. 2016 च्या जुलैमध्ये 15 वर्षांची नताशा एदनान-लापेरूझ हीथ्रो विमानतळावर घेतलेला पाव खाऊन विमानात कोसळली. तीळ पावाच्या कणकेतच मळलेले होते, वरून दिसत नव्हते. दुकानातच बांधलेल्या खाद्याला पूर्ण यादी लावण्याची सक्ती तेव्हा नव्हती. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2021 पासून तिच्याच नावाने ओळखला जाणारा नियम लागू झाला. अमेरिकेने 2004 च्या कायद्याने आठ अ‍ॅलर्जन छापणे सक्तीचे केले होते, तिथे 1 जानेवारी 2023 पासून तीळ नववा झाला. त्यानंतर जे घडले ते मन खिन्न करणारे आहे. काही बेकऱ्यांना यंत्रे तीळमुक्त ठेवणे अवघड वाटले, म्हणून त्यांनी पावात थोडे तिळाचे पीठ मुद्दाम घालायला सुरुवात केली आणि लेबलावर तसे छापले. कायदा पाळला गेला आणि वर्षानुवर्षे निर्धोक असलेला पाव तीळ न चालणाऱ्या मुलांच्या ताटातून नाहीसा झाला. उलट बाजूचाही प्रकार झाला. जून 2024 मध्ये अमेरिकी प्रशासनाने बिंबो या बड्या बेकरी कंपनीला इशारा दिला, कारण ज्या पावांत तीळ किंवा अक्रोडवर्गी दाणे नव्हते, त्यांवरही ती ते छापत होती. सगळीकडे सगळेच छापले, की वाचणाऱ्याला निवड करता येत नाही. काही जण वैतागून इशाराच मानेनासे होतात आणि एखाद्या दिवशी खऱ्या धोक्याच्या पाकिटालाही हात घालतात.

आता आपल्याकडे वळू.

भारताचा कायदा या बाबतीत कच्चा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या 28 व्या कलमात माल परत मागवण्याची तरतूद आहे, 2017 मध्ये त्याची सविस्तर नियमावली झाली आणि 2020 च्या लेबलविषयक नियमांनी अ‍ॅलर्जन वेगळे छापणे सक्तीचे केले. ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडे, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखे दाणे, सोयाबीन, शिवाय 10 मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा त्याहून अधिक सल्फाइट अशी ती यादी आहे. यंत्रावर मिसळ होण्याचा संभव असेल, तर तसेही छापायचे आहे.

या यादीत तीळ नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी जगभरासाठी सुचवलेल्या मुख्य अ‍ॅलर्जनमध्ये तीळ आहे. आणि संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या, चकलीत, बाकरवडीत, वड्यांत, चटणीत तीळ पेरणाऱ्या देशाने तो वगळला आहे! मोहरीही नाही, शिवाय ‘मसाले’ या एका शब्दाखाली ती झाकली जाऊ शकते. हरभराही नाही. शेव, फरसाण, पापडी, भजी यांचे सगळे जग बेसनावर उभे आहे. हरभरा हा भारतीय उपखंडातला महत्त्वाचा अ‍ॅलर्जन आहे, हे मुंबईतल्या डॉक्टरांनी 2001 मध्येच शोधनिबंधातून मांडले होते. दुसऱ्या देशांची यादी घेऊन त्यावर आपला शिक्का मारण्यापेक्षा आपल्या ताटाकडे पाहून यादी करायला हवी होती.

अ‍ॅलर्जी हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, आपल्या मातीत ती होत नाही, असेही ऐकू येते. बंगळुरू आणि म्हैसूरच्या प्रौढांवर झालेल्या पाहणीत अन्नाची संभाव्य अ‍ॅलर्जी सुमारे 1.2 टक्के लोकांत आढळली होती. पाश्चात्त्य देशांपेक्षा हे प्रमाण कमी आहे आणि दोन शहरांवरून साऱ्या देशाचे मोजमाप करता येणार नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे आणि शंभरात एक हे प्रमाण एखाद्या मोठ्या शाळेत दहा-पंधरा मुलांपर्यंत जाते. त्यांच्या आयांना विचारावे, वाढदिवसाला वर्गात वाटलेल्या पाकिटाची त्यांना किती धास्ती असते.

फराळाच्या एखाद्या लहान उद्योगात दिवाळीआधी जाऊन उभे राहिले, तर प्रश्न हाताला लागतो. एकाच कढईत आधी शेंगदाणे तळून निघतात, मग पोहे, मग काजूचे तुकडे. त्याच तेलात दुपारी चकली उतरते. झारा तोच, कागद पसरलेले टेबल तेच. पाकिटे हातयंत्राने सील होतात आणि लेबलांचा गठ्ठा गेल्या वर्षीचा असतो, कारण छपाईचा खर्च हजार लेबलांखाली परवडत नाही. यंदा चिवड्यात डाळ्याऐवजी जास्त दाणे घातले, हे कामावरच्या सगळ्या बायकांना माहीत असते, फक्त लेबलाला माहीत नसते. हिंगाचेही तसेच. बाजारातला बांधानी हिंग बहुधा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. त्यामुळे ‘फक्त तांदळाची’ म्हणून विकलेली चकलीही हिंगामुळे गव्हाची होते आणि ग्लुटेन न चालणाऱ्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो. अलीकडे घाण्याच्या तेलाची आवड वाढली आहे, ती चांगलीच आहे. पण पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही आणि घाण्याच्या तेलात ते उरते. तळणीचे तेल बदलणे म्हणजे लेबल बदलणे, हे अनेक उद्योजकांच्या ध्यानीही नसते.

यात कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. या उद्योगांवर हजारो घरे चालतात. त्यांना दंडाची भीती घालण्याआधी साधी शिस्त शिकवायला हवी: आधी दाण्याविना असलेला माल, शेवटी दाण्याचा, दोन्हींचे झारे आणि डबे वेगळ्या रंगांचे, कृती बदलली त्या दिवशी जुनी लेबले मोजून नष्ट. याला यंत्र लागत नाही आणि भांडवलही लागत नाही. महिला बचत गटांच्या प्रशिक्षणात पॅकिंग आणि ब्रँडिंगवर तासन्‌तास बोलले जाते, त्यातला एक तास याला दिला तरी पुष्कळ होईल.

खरी उणीव दुसरीकडे आहे. अ‍ॅलर्जन छापला नाही म्हणून पाकिटे परत मागवल्याची बातमी भारतात क्वचित वाचायला मिळते. याचा अर्थ आपली पाकिटे निर्दोष आहेत, असा कोणी काढू नये. ज्या देशांत अशा घोषणा आठवड्याला निघतात, तिथले कारखाने आपल्यापेक्षा गलथान नाहीत, तिथे चूक पकडली जाते. आपल्याकडे मुलाचे ओठ सुजतात, डॉक्टर इंजेक्शन देतात, मूल वाचते, घरचे हुश्श म्हणतात आणि पाकीट कचऱ्यात जाते. त्या लॉटची उरलेली पाकिटे दुकानात टांगलेलीच राहतात. परदेशात रुग्ण खिशात बाळगतात ते अ‍ॅड्रेनलिनचे तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रसंग रुग्णालयापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असतो. माल परत मागवणे ही कंपनीची नाचक्की आहे, ही समजूतही बदलायला हवी. स्वतःहून माल परत घेणारी कंपनी अधिक विश्वासाची मानली गेली, तरच दुसरी कंपनी तसे करायला धजावेल.

असे रुग्ण अन्न खात्याला कळावेत, यासाठी नवा कायदाही लागणार नाही. 2006 च्याच कायद्याच्या 35 व्या कलमात अन्न प्राधिकरणाला एक अधिकार दिलेला आहे: अधिसूचना काढून ठरावीक क्षेत्रातल्या डॉक्टरांना अन्नविषबाधेच्या घटना कळवायला सांगण्याचा. या तरतुदीच्या कक्षेत पाकीटबंद अन्नाने झालेला अ‍ॅनाफिलॅक्सिस आणावा आणि त्यासाठी गरज पडली तर कलमात एका शब्दाची भर घालावी. मेलबर्नमध्ये एका मुलाच्या मृत्यूनंतर जे सुचले, ते मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजीत तशा मृत्यूची वाट न पाहता करता येईल. अधिसूचना निघेपर्यंत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना अशी नोंद स्वेच्छेने ठेवायला सांगितले, तर त्यांना कोणी अडवणार नाही. तिळाचे नाव यादीत घालायला तर नियमांतली दुरुस्ती पुरेशी आहे.

आणि श्रोत्यांना एक विनंती. पाकिटातले काही खाऊन कोणाला गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला, तर आधी रुग्णालय गाठा, पण पाकीट टाकून देऊ नका. उरलेला पदार्थ त्यातच ठेवून तोंड बांधा, बॅच नंबरचा आणि तारखेचा फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा आणि फूड सेफ्टी कनेक्ट या सरकारी अ‍ॅपवर किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार नोंदवा. पाकीट, बॅच नंबर आणि दुकानाची पावती एवढे हातात असले, तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच दिवशी दुकानात जाऊन नमुना घेता येतो.